चांदबीची हिरवळ

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला गावात कोणी तयार होईना. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंच्या ओळखीनं मुंबईच्या एका कापडवाल्या शेठजींच्या बंगल्याशेजारची खोली मिळाली. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या पाच-सहा वर्षं आधीची ही गोष्ट. शेठजी उन्हाळ्यात दोन महिने आणि दिवाळीला यायचे. एरवी बंगला बंद असायचा. माझ्या खिडकीतून बंगल्यापुढची हिरवळ दिसायची आणि झाडांच्या शेंड्यांवर लोहगडाची निळसर रेघ.

पहिल्याच सकाळी सप् सप् असा आवाज ऐकून मी दचकून उठले. कोणी साप मारतंय की काय, म्हणून बाहेर आले, तर एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई बांबूची लांब लवलवती काठी हिरवळीवरून फिरवत होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, पदर डोक्यावरून घेऊन कानामागे घट्ट अडकवलेला.

"साप आहे का हो?" मी लांबूनच विचारलं.

"साप कशाला आसंल? दव पाडतीया." काठी थांबली नाही. "दव बसून ऱ्हायलं की गवताला बुरशी धरती. मंग थाळीएवढी पिवळी वर्तुळं पडत्यात. ऊन यायच्या आत खाली उतरवायचं." मग तिची नजर माझ्या पायांकडे गेली. "आन् बाई, कडंकडंनं चाला. वलं हाय तंवर पाय उमटत्यात."

ही चांदबी. पुढे आठ वर्षं ती माझी शेजारीण होती. वयानं माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला शेवटपर्यंत बाईच म्हणाली.

बंगल्याच्या कुंपणाला लागून माळ्यासाठी दोन खणांची पत्र्याची खोली होती. तिथं चांदबी आणि तिचा नवरा दस्तगीर राहायचे. माळी म्हणून नाव दस्तगीरचंच होतं. पण मी गेले तेव्हा तो चार वर्षं खाटेवर पडून होता. खाट अशी लावलेली, की उशाशी खिडकी आणि खिडकीत सगळी हिरवळ. दिवसभर त्याचा आवाज तिथून यायचा.

"चांदे! जांभळीच्या बाजूला बघ. रंग उतरलाय."

"बघितलं."

"बघितलं न्हवं, हात लावून बघ!"

ती उठायची, जांभळीपाशी जाऊन तळहात गवतावर दाबायची आणि तिथूनच ओरडायची, "तहान हाय. दुसरं काय न्हाई."

दस्तगीरला काय झालं होतं ते मला चांदबीनंच सांगितलं. त्याच्याविषयी बोलताना ती कधी थांबायची नाही. एखादं काम उरकावं तसं सांगून टाकायची. मावळातल्या बंगल्यांमधून तेव्हा हिरवळीची मोठी चढाओढ असायची. कुणाची हिरवळ जास्त दाट, यावर शेठसाहेबांची इभ्रत ठरायची. एका पावसाळ्यात शेठजींच्या हिरवळीला हुमणी लागली. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची पांढरी, बोटाएवढी अळी. ती जमिनीत राहून मुळं खाते. वरचं गवत वाळतं आणि ओढलं तर सतरंजीसारखं गुंडाळून हातात येतं. शेठजींच्या एका पाहुण्यानं मुंबईहून सोमल या विषाच्या पुडीचे डबे आणून दिले. विलायती औषध आहे, अळीचं नाव राहणार नाही, म्हणाला. डब्यावरचं इंग्रजी दस्तगीरला वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांनी वाचून दाखवलं नाही. त्यानं ती पूड उघड्या हातांनी कोंड्यात कालवली, अनवाणी फिरत शिंपडली. एक नाही, तीन पावसाळे. हुमणी गेली. साळुंक्या मरून पडल्या. मग दस्तगीरच्या तळहातांना, तळपायांना जाड खवले आले, मुंग्या यायला लागल्या. बोटांतली संवेदना गेली आणि चालताना पंजे लोंबायला लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, विषाची बाधा आहे, आता एवढंच राहील, वाढणार नाही, पण पाय परत यायचे नाहीत.

शेठजी वाईट माणूस नव्हते. ते स्वतः येऊन खाटेशेजारी बसले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, "दस्तगीर, ही खोली तुझी. हिरवळ जोपर्यंत चांगली आहे तोपर्यंत तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही."

"लय चांगलं बोलले," चांदबी मला म्हणाली. "मी बाहेर भाकऱ्या थापीत हुते. ऐकलं आन् भाकरी तशीच हातात ऱ्हायली. म्हनलं, आता ही लान चांगली ठिवायची कुनी?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं खुरपं उचललं. त्याआधी तिनं कधी बागेत काम केलेलं नव्हतं. ती पवन मावळातल्या बेडशाची. तिथं तिच्या वडिलांनी आयुष्यभर भात लावला. तिला ठाऊक होतं ते भाताचं गवत, आणि तेही उपटून फेकायचं. इथं गवतच पीक होतं. दस्तगीर खाटेवरून सांगायचा, ती करायची. चुकलं की तो शिव्या द्यायचा. रडू आलं तर ती हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन खुरपायची, म्हणजे त्याला दिसू नये.

मी तिला पाहिलं तेव्हा ती या कामात मुरली होती. पोत्यावर बसून ती उलटी, मागे मागे सरकत खुरपायची, म्हणजे साफ केलेला भाग सतत डोळ्यांसमोर राहायचा. लव्हाळा दिसला की नुसता उपटायची नाही. सळई खुपसून खालची काळी गाठ काढायची आणि लुगड्याच्या ओच्यात टाकायची. "वरचं तोडलं की त्याला बरंच वाटतं," म्हणायची. उन्हाळ्यात रोज पाणी शिंपडत नसे. चार-पाच दिवसांनी एकदाच, पण बोट बुडेल इतकी ओल खाली जाईपर्यंत. आजूबाजूच्या बंगल्यांतले माळी रोज संध्याकाळी झारी फिरवायचे आणि तिला हसायचे. मे महिन्यात त्यांची गवतं करपायची. तेव्हा ती मात्र कुणाला हसायची नाही. विचारायला आलेल्याला पुन्हा तेच सांगायची, की रोज घोटभर पाणी दिलं तर मुळं वरच बसून राहतात.

गवत कापायचं यंत्र होतं. एकानं ओढायचं, एकानं ढकलायचं. त्यासाठी शेजारच्या बंगल्यातला गडी यायचा आणि दर वेळी तिचं त्याच्याशी भांडण व्हायचं. त्याला एकदाच खाली, मुळाशी कापून टाकायचं असायचं, म्हणजे पंधरा दिवस सुटका. चांदबी दोन बोटं आडवी धरून दाखवायची. "येवढं ऱ्हायला पायजे. उघडं पडलं की तन शिरतं. तुझ्या डोक्याचा गोटा करायचा आसंल तर न्हाव्याकडं जा."

ती स्वतः मात्र त्या कुंपणाबाहेर जात नव्हती. आठवड्याच्या बाजाराला तासभर, ईदच्या दिवशी दर्ग्यापर्यंत, बस. दस्तगीरला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं. खोलीला दार होतं, कुंपणाला फाटक होतं, ते उघडंच असायचं. मी शाळेत जाताना ती फाटकापर्यंत यायची आणि उंबरठा असावा तशी तिथं थांबायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, बेडसं इथून किती लांब?"

तिनं खुरप्यानं लोहगड दाखवला. "त्या किल्ल्याच्या पल्याड. कामशेतला उतरायचं, मंग चालत. सकाळी निघालं की दुपारच्या भाकरीला घरी."

"शेवटचं कधी गेलात?"

ती हिशेब करत बसली नाही. म्हणाली, "ह्येंचे पाय हुते तवा."

एक गंमतही सांगायला हवी, नाहीतर चांदबी नुसती दुःखी बाई होती असं वाटेल. तिच्याकडे सात-आठ कोंबड्या होत्या. शेठजींची सक्त ताकीद होती, की कोंबड्या हिरवळीवर दिसता कामा नयेत. पण हुमणीवर कोंबडीसारखं औषध नाही, हे चांदबीनं स्वतः शोधून काढलं होतं. पावसाळ्यात रोज सकाळी ती त्यांना तासभर मोकळं सोडायची आणि मग झाकून ठेवायची. एका वर्षी शेठजी कसलीही वर्दी न देता श्रावणात येऊन थडकले, सोबत चार पाहुणे. फाटकातून मोटार आत आली तेव्हा सगळ्या कोंबड्या हिरवळीच्या मधोमध, माना खाली घालून. शेठजींचा चेहरा लाल झाला. चांदबी शांतपणे पुढे झाली, एका कोंबडीच्या चोचीतून वळवळणारी अळी ओढून काढली आणि शेठजींच्या पुढ्यात तळहातावर धरली.

"शेठ, ह्यो तुमचा दुष्मन. आन् हे तुमचं शिपाई."

पाहुणे खो खो हसले. शेठजींनाही हसावं लागलं. त्या दिवसापासून शिपायांना सकाळची परवानगी मिळाली. खाटेवरून दस्तगीर कितीतरी वेळ हसत होता. त्याला हसताना मी ऐकलं ते तेवढंच.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी आठ दिवस, चांदबीचा भाऊ बेडशाहून आला. फाटकातच उभा राहून म्हणाला, "आक्का, बाबा लय आजारी हायेत. तुजं नाव घेत्यात."

चांदबीनं खुरपं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले, पुन्हा खुरपं उचललं. दिवाळीला शेठजींकडे साखरपुडा होता, हिरवळीवर मांडव पडायचा होता. मुंबईहून आलेल्या कारभाऱ्यानं आदल्याच दिवशी बजावलं होतं, की या आठवड्यात माळीकाम बंद पडलं तर दुसरा माळी आणीन.

मी म्हणाले, "तुम्ही जा मावशी. शाळेला सुट्टी लागली आहे. दस्तगीरभाऊंचं मी आणि शेजारचा गडी मिळून बघतो. दव पाडायचं, पाणी द्यायचं, मला सांगून ठेवा."

दस्तगीर आतून म्हणाला, "जा. मी काय मरत न्हाई चार दिसांत."

तिनं मला सगळं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावायला लागली तेव्हा भावानं तिचं बोचकं उचललं आणि दोघं स्टेशनाकडे निघाली. फाटकातून बाहेर पडताना तिची चाल मला वेगळीच वाटली, जरा वाकडीतिकडी, बोटीतून उतरलेल्या माणसासारखी.

दोन तासांनी मी दस्तगीरला पेज भरवत होते तेव्हा दारात सावली पडली. चांदबी परत आली होती. एकटी. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि त्याला भरवायला बसली.

"गाडी चुकली का?" मी विचारलं.

"न्हाई. आली की. भाऊ चढला."

दस्तगीरनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे पाहत राहिला.

संध्याकाळी ती माझ्या पायरीशी येऊन बसली तेव्हा कुठं बोलली. "गाडीचा दांडा धरला, बाई. एक पाय वर ठिवला. आन् येकदम कळलं. मी बसले तर म्हागारी येनार न्हाई. बाबांसाठी न्हवं, कुनासाठी न्हवं. मी फकस्त म्हागारी येनार न्हाई. मंग हे हितं तसंच पडून ऱ्हातील." तिनं पायरीवर पडलेली काडी उचलून मोडली. "म्हनून पाय खाली घेतला."

वडील पाडव्याच्या दिवशी गेले. निरोप आला तेव्हा हिरवळीवर सनई वाजत होती. पाहुण्यांनी गवतावर फराळ सांडला होता, तो ती वाकून वेचत होती, मुंग्या लागतील म्हणून.

थोरले शेठजी वारले आणि सगळा कारभार त्यांच्या मुलाकडे आला. धाकटे शेठ तिशीचे, विलायत बघून आलेले, घाईचे. त्या वर्षी पाऊस मध्येच महिनाभर ओढला आणि हुमणीनं पुन्हा उचल खाल्ली. भाद्रपदात हिरवळीचा जवळजवळ निम्मा भाग तपकिरी झाला. कोंबड्यांना ते आवरण्यासारखं राहिलं नव्हतं. गणपतीच्या सुट्टीत धाकटे शेठ आले, बुटाच्या टोकानं त्यांनी वाळलेलं गवत उचकटलं आणि दुसऱ्या दिवशी मोटारीतून एक मोठा पत्र्याचा डबा उतरवला.

मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी होते. चांदबी डब्याकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण तो डबा तिनं ओळखला.

"उद्या सकाळी टाकायचं," धाकटे शेठ म्हणाले. "बाबांच्या वेळीपण हेच टाकत होते. तेव्हा लॉन बघायला लोक यायचे."

"व्हय. टाकत हुते," चांदबी म्हणाली.

खाटेवरून दस्तगीरचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. "शेठ, मला बाहेर उचलून न्या. मी कालवतो. माझ्या हाताला आता काय व्हनार हाय? तिला लावू नगा."

शेठ जरा गडबडले. त्यांनी चांदबीकडे पाहिलं.

चांदबीनं बादली आणली. कोंड्याचं पोतं आणलं. डबा उचलून शेठच्या पायाशी ठेवला. एवढं सगळं तिनं सावकाश केलं आणि मग म्हणाली, "तुमच्या हातानं कालवा, शेठ. मी बादली धरती."

शेठनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं. मग ते चढ्या आवाजात म्हणाले, "आणि नाही टाकलं तर? ही लॉन अशीच ठेवायची? दिवाळीला माझ्याकडे माणसं येणार आहेत."

"दिवाळीपतोर द्या मला. न्हाई झाली हिरवी, तर आमी खोली सोडतो. ह्येंना पाठीवर घिऊन जाईन."

"दिवाळी," शेठ म्हणाले आणि मोटारीत बसले. डबा ते परत घेऊन गेले.

तो दीड महिना मी विसरणार नाही. चांदबीनं मेलेलं गवत गुंडाळ्या करून सोललं आणि खालची माती खुरप्यानं हातभर हातभर उकरून अळ्या वेचल्या. टोपल्या भरायच्या. कोंबड्या खाऊन खाऊन सुस्त झाल्या. मग उरलेल्या अळ्या ती रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायची. शेजारच्या गड्यांनी मिळून दस्तगीरची खाट बाहेर आणून ठेवली. ऊन डोक्यावर आलं तरी तो आत न्यायला सांगेना. "तितं राहिलीय. डाव्या अंगाला. माती फुगलीय बघ." त्याची नजर अजून शाबूत होती. मी शाळेतून आले की पदर खोचून तिच्याशेजारी बसायची. माझी नखं काळी झाली, मुली विचारायच्या. चांदबीच्या बोटांना चिरा पडल्या. तिनं त्यांत तेल भरलं आणि चिंध्या बांधल्या.

माती साफ झाल्यावर तिनं कुजलेल्या पाल्याचं खत चाळून घेतलं, त्यात करंजाची पेंड कुटून मिसळली आणि पसरलं. चांगल्या भागातून हरळीच्या कांड्या काढल्या, बोट बोट अंतरावर रोवल्या, वरून लोखंडी रूळ फिरवला. आणि मग नुसतं थांबायचं. सकाळी ती गवताशी वाकून पाहायची, तो खाटेवरून तिच्या तोंडाकडे पाहायचा.

वसुबारसेच्या दिवशी धाकटे शेठ आले. हिरवळ पूर्वीइतकी दाट नव्हती. नीट पाहिलं तर कुठं कुठं माती दिसत होती. पण हिरवी होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. शेठनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन आले.

"ठीक आहे," ते म्हणाले. एवढंच.

मला इतका आनंद झाला, की मी चांदबीचे चिंध्या बांधलेले हात धरले. "मावशी, जिंकलात तुम्ही!"

तिनं हात सोडवून घेतले. चिडून नव्हे. हिरवळीकडे पाहत म्हणाली, "जितले म्हंजी काय, बाई? पुन्ना हितंच की."

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की तिनं पणाला काय लावलं होतं आणि हरली असती तर तिला काय मिळालं असतं. आणि हे ठाऊक असूनही तिनं एक कांडी वाकडी लावली नव्हती.

त्यापुढे दोन वर्षांनी, माघातल्या थंडीत, दस्तगीर गेला. झोपेतच. सकाळी बांबूचा आवाज आला नाही म्हणून मी गेले, तर ती खाटेशी बसून त्याच्या खवले पडलेल्या पावलांना तेल चोळत होती. "थंडीत फुटत्यात," म्हणाली.

चाळिसावा झाला. धाकटे शेठ स्वतः मुंबईहून आले. त्यांच्यातही फरक पडला होता. ते तिला आता चांदबीबाई म्हणायचे. खोली तहहयात तुमचीच, पगार वाढवून देतो, हाताखाली दोन माणसं देतो, म्हणाले. चांदबीनं सगळं ऐकून घेतलं. मग खोलीची किल्ली व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली.

"नव्या मानसाला येवढं सांगा," ती म्हणाली, "की दोन बोटांखाली कापू नगंस."

मला वाटलं होतं, निघताना ती हिरवळीकडे एकदा तरी वळून पाहील. मी फाटकाशी उभी होते, मुद्दाम पाहत होते. तिनं कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेतली, माझ्या गालावरून खरखरीत हात फिरवला आणि गेली. नवा माळी दोन वर्षंसुद्धा टिकला नाही. मीही पुढे जागा बदलली.

लढाई संपत आली होती तेव्हा, एका हिवाळ्यात, आम्ही शाळेच्या मुलींना घेऊन बेडशाची लेणी बघायला गेलो. गावात मी चांदबीचं घर विचारलं. ती ओट्यावर भात पाखडत होती. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ. मला पाहून ती तोंडभर हसली आणि आधी पोरींना गूळ-शेंगदाणे वाटले.

"लेन्याकडं निघालाय व्हय? चला, वाट दावती."

सूप भिंतीला उभं करून ती आमच्यापुढे निघाली. चढण अवघड होती. पोरी दमून दगडांवर टेकत होत्या, मीही धापा टाकत होते. चांदबी मात्र कुठं थांबली नाही. लेण्यापाशी पोचल्यावर पोरी खांबांवरचे हत्ती-घोडे बघायला धावल्या. मी पाणी प्यायले आणि पाहिलं, तर चांदबी पुढच्या पायवाटेनं डोंगराच्या कडेला वर चालली होती.

"मावशी, तिकडे कुठं?"

"न्हाई ठावं," ती वरूनच म्हणाली. "ही वाट कुटं जाती ते बघून येती."

"परत कधी याल? आम्ही थांबू का?"

"थांबू नगा!"

कारवीच्या झुडपांतून तिचं हिरवं लुगडं थोडा वेळ वर सरकताना दिसत राहिलं. मग वाट वळली.